तापावरचा लेख

पोटासाठी मी शाळामास्तर होतो. शास्त्रीय लेखन हा फावल्या वेळचा उद्योग. कोल्हापुरातल्या एका साप्ताहिकात मी दर अंकाला एक लेख देत असे. सकाळी आंघोळ उरकली की शाळेची घंटा होईपर्यंतचा वेळ माझा. दूध उतू का जातं, वीज आधी दिसते आणि गडगडाट मागाहून का येतो, रंकाळ्याचं पाणी उन्हाळ्यात हिरवं का पडतं, असले विषय. माहिती इंग्रजी मासिकांतून काढायची. ती वाचनालयात यायची आणि तिथल्या कारकुनाची मर्जी असेल तर घरीही न्यायला मिळायची. मग तिचं आपल्या माणसांना कळेल असं मराठी करायचं. हे शेवटचं काम वाटतं तितकं सोपं नाही, पण मला त्यात फार गोडी होती.

स्वभाव तापट. कोणी ग्रहणाबद्दल किंवा धूमकेतूबद्दल भलतंसलतं बोललं की माझं डोकं फिरायचं. त्या माणसाला घरी आणून, चहा पाजून, मी तासभर झाडायचो. बायको माहेरची पेठ वडगावची. ती चुलीपाशी बसून म्हणायची, "आदी च्या पाजायचा आन् मग फैलावर घ्यायचं, ही कुटली रीत म्हनायची? त्यो बिचारा कप खाली ठिवून पळतोय बघा."

आमच्या शेजारी कल्हईचं दुकान होतं. तिथे एक विधवा बाई आणि तिचा एकुलता एक मुलगा राहत. तिला आम्ही भाभी म्हणायचो. मुलगा पंचविशीचा, बापाच्या मागे भट्टी त्यानेच सांभाळली. मी एकदा कल्हईवर लेख लिहिला होता, तांब्यापितळेच्या भांड्यात आंबट का कळकतं आणि कथिलाने ते का थांबतं याबद्दल. तो त्याने भाभीला अक्षर लावत लावत मोठ्याने वाचून दाखवला. आपल्या घरच्या धंद्यावर छापून येतं याचं भाभीला इतकं अप्रूप वाटलं की तेव्हापासून आमच्या घरातली भांडी कळकायच्या आधीच कल्हईला जाऊ लागली. मी लिहितो ते खरं असतं, असा त्या बाईचा ठाम समज होता.

मग ताप आला. महायुद्ध संपत आलं होतं, पाऊस दगा देऊन गेला होता आणि दसरा तोंडावर होता. आधी मुंबई-पुण्याकडच्या बातम्या आल्या, मग रेल्वेने माणसं आली, आणि बघता बघता पेठेपेठेत अंथरुणं पडली. लोक त्याला मानमोडी म्हणत. मान मोडल्यासारखं अंग दुखायचं, ताप चढायचा, काहींच्या नाकातून रक्त यायचं, ओठ निळे पडायचे. प्लेग आम्हाला माहीत होता. उंदीर पडले की घरं सोडून माळावर झोपड्या घालायच्या, हे आता पोरासोरांनाही ठाऊक होतं. या तापाला उंदीर लागत नव्हते, गाठ येत नव्हती, आणि माळावर गेलेली माणसंही पडत होती. त्यात म्हातारे सुटत होते आणि कणखर, तरणीताठी माणसं जात होती. तालमीतले पैलवान गेले. पंचगंगेच्या घाटावर लाकडं पुरेनात.

शाळा बंद झाली आणि लोक माझ्या दारात येऊ लागले. एरवी ज्यांना मी धरून आणायचो ते आता आपण होऊन येत. "मास्तर, काय हाय ह्ये? कशानं येतंय? तुमच्या इंग्रजी बुकात काय तर आसंल की." मी वाचनालयाच्या पायऱ्या झिजवत होतो. युद्धामुळे मासिकं महिनोन् महिने उशिराने येत. जी आली होती त्यांत पाणबुड्यांवर लेख होते, पिकांच्या किडीवर होते, या तापावर अक्षर नव्हतं. मी दरबारच्या दवाखान्यात डॉक्टरांना गाठलं. डोळे तारवटलेले, दाढी वाढलेली, तो भला माणूस म्हणाला, "तुम्ही कसले मला विचारता? तुम्हाला कळलं तर मला येऊन सांगा." मी बाहेर आलो आणि भिंतीला टेकून उभा राहिलो. आयुष्यात पहिल्यांदा मला कोणाचा राग येत नव्हता. नुसती भीती वाटत होती.

साप्ताहिकाच्या संपादकांनी निरोप धाडला: तापावर लिहा, अंक तुमच्यासाठी थांबवलाय. मी लिहिलं. जे खरं होतं तेच लिहिलं. या तापाचं कारण आज कोणालाही माहीत नाही, औषध माहीत नाही, अमुक घरात का येतो आणि तमुक घरात का नाही, तेही माहीत नाही. ताप भरताच पडून राहावं, उतरला म्हणून लगेच उठू नये, खोली मोकळी ठेवावी, गर्दीत जाऊ नये, पाणी उकळून प्यावं. बस्स. लेख एवढासाच झाला.

मी तो घेऊन छापखान्यात गेलो तर संपादक स्वतः अक्षरांचे खिळे जुळवत बसले होते. जुळारी सगळे आजारी. त्यांनी मजकूर वाचला आणि कपाळाला हात लावला. "अहो, लोक आशेने बघताहेत आणि तुम्ही ओळीओळीला माहीत नाही माहीत नाही करताय? शास्त्रज्ञांचे अहोरात्र प्रयत्न चालू आहेत, लवकरच गुण येईल, असं काहीतरी घाला की."

"गुण येईल हे तुम्हाला कोणी सांगितलं?"

"कोणी नाही. पण माणसाला काहीतरी आधार लागतो, मास्तर."

"मग काशीचा गंडा छापा!" मी ओरडलो. छापखाना रिकामा असल्यामुळे माझा आवाज मलाच मोठा वाटला. त्यांना भांडायचं त्राण नव्हतं. त्यांनी माझा लेख होता तसा जुळवायला घेतला आणि मी घरी आलो. घरी येऊन बघतो तर बायको चुलीपुढे भिंतीला डोकं टेकून बसलेली, तव्यावर भाकरी जळतेय आणि तिला पत्ता नाही. हात लावला तर अंग नुसतं भाजत होतं.

पुढचे दिवस मला सलग आठवत नाहीत. मूलबाळ आम्हाला नव्हतं. वडगावला निरोप पाठवला तर तिकडून उलटा निरोप आला, घरात पाच अंथरुणं आहेत, येणार कोण. मीच पेज करत होतो, मीच विटा तापवून तिच्या पायाशी ठेवत होतो, मीच तिचे कपडे धूत होतो. खोली मोकळी ठेवा असं मी लिहिलं होतं म्हणून खिडकी उघडायचो. ती कुडकुडू लागली की घाबरून लावायचो. परत उघडायचो. सुंठीचा काढा द्यावा का नाही यावर मी अर्धा अर्धा तास कप हातात धरून उभा राही. ज्या माणसाने काढ्यांची चेष्टा करण्यात हयात घालवली, तो शेवटी शेजारपाजारचे सगळे काढे एकामागून एक देऊ लागला. तिला श्वास लागायचा. दोन श्वासांच्या मध्ये थोडा खंड पडला की मी तिच्या नाकापाशी हात धरायचो. ही गेली तर मी काय करणार, हा एकच विचार डोक्यात घणासारखा बसत होता, आणि त्याच्या पुढे विचार जातच नव्हता.

अशात एका दुपारी भाभी आली. डोक्यावरचा पदर कपाळापर्यंत ओढलेला, चेहरा ओढलेला. मुलगा कालपासून पडलाय म्हणाली. मी काही बोलायच्या आत ती बायकोच्या उशाशी बसली आणि कमरेच्या पिशवीतून काळ्या दोऱ्यात ओवलेला एक ताईत काढून तिच्या गळ्यात बांधू लागली. काळ्या कापडाची इवलीशी घडी, चारी बाजूंनी बारीक टाके घातलेली.

"हे काय आहे, भाभी?"

"दर्ग्यात गेलते. लिवून देनारं मौलवीच तापानं पडल्यात. मग म्हनलं, आता कुनाकडं जायाचं? पोरगं म्हनलं, मास्तरांनी तापावर लिवलंय, ह्या अंकात आलंय. मग त्योच कागद कापून घेतला. आरदा त्येच्या दंडाला बांधला, आरदा हिच्यासाटी आनला."

मला क्षणभर कळेचना. मग कळलं, आणि इतक्या दिवसांचा साचलेला सगळा संताप एकदम डोक्यात गेला. मी जन्मभर ज्याच्याविरुद्ध घसा फोडला तेच माझ्या घरात, माझ्या बायकोच्या गळ्यात, आणि माझ्याच लेखाचं! आणि लेख तरी कसला, तर काही माहीत नाही असं सांगणारा! मी पुढे होऊन दोऱ्याला हात घातला. भाभी दचकून मागे सरली.

बायकोने डोळे उघडले. किती वेळाने उघडले होते. तिने माझं मनगट धरलं. त्या हातात जोर म्हणून नव्हता.

"ऱ्हाऊ द्या की," ती म्हणाली. "तुमचंच हाय न्हवं त्ये?"

मी हात काढून घेतला. भाभीने माझ्याकडे न बघता गाठ पक्की केली, बायकोच्या कपाळावरून हात फिरवला आणि मुलाकडे पळाली. मी तिथेच खाली बसलो. खरं सांगतो, त्या घटकेला त्या काळ्या चिंधीला हात जोडायला सांगितलं असतं तर मी जोडले असते. माझ्याकडे दुसरं काय होतं?

भाभीचा मुलगा दोन दिवसांत गेला. भट्टीचा भाता दिवसभर चालवणारा, आठवड्यापूर्वी पाण्याने भरलेला हंडा एका हाताने उचलणारा पोरगा. मयतीला माणसं मिळेनात. मी खांदा द्यायला गेलो आणि परत येताना सगळ्या वाटेने एकच विचार करत होतो, की घरी पोचेपर्यंत ही असेल ना. ज्याला नुकतंच मातीत ठेवून आलो त्याच्याबद्दल माझ्या मनात त्या वेळी काहीच नव्हतं.

ती होती. आणि तिसऱ्या की चौथ्या दिवशी तिला दरदरून घाम फुटला, ताप उतरला, आणि ती म्हणाली, "भूक लागलीया." मी परसात जाऊन लहान मुलासारखा रडलो.

गल्लीत बातमी पसरली. मास्तरीणबाई उठल्या, त्यांच्या गळ्यात मास्तरांचा कागद होता. लोक तो अंक मागायला येऊ लागले. ज्यांच्या घरात वाचणारं कोणी नव्हतं तेही येत. मी त्यांना हाकलून देत होतो. कागदाने काही होत नाही, त्यात काय लिहिलंय ते तरी ऐका, म्हणून दारात उभा राहून लेख वाचून दाखवत होतो. ते मान खाली घालून सगळं ऐकून घेत आणि शेवटी म्हणत, "व्हय व्हय. खरं हाय. पर एक कागुद असला तर द्या की, मास्तर."

दिवाळीला दिवे कोणी लावले नाहीत. बायको आता उन्हात बसू लागली होती, भिंतीला धरून चार पावलं टाकत होती. एका सकाळी ती पडवीत बसली होती आणि भाभी दारात येऊन उभी राहिली. मुलगा गेल्यापासून ती घराबाहेर पडली नव्हती. गल्लीतल्या बायका म्हणत, तिच्या डोळ्यांतून टिपूस आलेलं नाही, छाती फुटून मरेल एखाद्या दिवशी. बायकोकडे तिने पाहिलं. तिचा चेहरा, गळा, गळ्यातला दोरा, सगळं नीट निरखलं. त्या बघण्यात असूया नव्हती. एखादं भांडं कुठे गळतंय ते शोधावं तसं ती शोधत होती.

"मास्तर," ती म्हणाली, "तुमी लिवलंय, म्हनून तुमास्नीच इचारते. माजं काय चुकलं?"

"कशात, भाभी?"

"हिच्या गळ्यात बांधलं. त्येच्या दंडाला बांधलं. कागुद योकच. दोरा योकच. त्येच्या बी गळ्यातच बांधायला पायजे हुतं काय?"

मी तिच्यासमोर बसलो. शक्य तितक्या शांतपणे सांगायला लागलो. "भाभी, त्या कागदात काही नव्हतं हो. त्याने कोणी जगत नाही आणि कोणी मरत नाही. तुमचं काहीच चुकलं नाही."

"मग ही कशी उठली?"

"ते..."

"दोगं बी येकाच तापानं पडलं. त्यो तर हिच्यापरास दांडगा हुता. मग ही उठली आन् त्यो का न्हाय उठला? त्येवडं सांगा की. तुमी शिकल्यालं हाय."

बायकोने मान वळवून माझ्याकडे पाहिलं. तिलाही ते हवं होतं, उत्तर. 'माहीत नाही' हे जे शब्द अंकात छापायला मला जड गेले नव्हते, ज्यांच्यासाठी मी संपादकाशी भांडलो होतो, ते आता तोंडातून निघेनात. ते बोललो असतो तर भाभी घरी गेली असती आणि राहिलेले दिवस त्या दोन गाठी मनातल्या मनात सोडत बांधत बसली असती, गळ्यात, दंडाला, गळ्यात, दंडाला. मला ते तिच्या चेहऱ्यावर स्वच्छ दिसत होतं.

"भाभी," मी म्हणालो, "बाईमाणसाच्या गळ्यात बांधतात. पुरुषाच्या दंडालाच बांधायचं असतं. उजव्या का डाव्या?"

"उजव्या," ती घाबरून म्हणाली.

"मग बरोबर. उजव्याच. तुम्ही अगदी बरोबर बांधलं होतं."

ती माझ्याकडे बघत राहिली. मग उंबऱ्यावरच खाली बसली, पदर तोंडात कोंबला आणि रडू लागली.