पांढरीच्या जखमा

माहेरून मी दोन लुगडी, पाण्याचा एक पितळी गुंड आणि एक पांढरी मांजर आणली. गुंडाचं कौतुक झालं, मांजरीला मात्र सगळ्यांनी नाक मुरडलं, कारण सासरी आधीच एक होती. ती काळी, माझ्या थोरल्या जावेची. स्वातंत्र्य मिळून सात-आठ वर्षं झाली असतील तेव्हा. मुर्री गावातल्या आमच्या घरी धान साठवायच्या ढोलीभोवती उंदरांचा नुसता सुळसुळाट, दोन काय, चार मांजरी पोसल्या असत्या. तरी या दोघींचं पटेना. एका म्यानात दोन तलवारी, म्हणून सासरे हसायचे.

मी लाडात वाढलेली, त्यात तोंडाची फटकळ. पांढरीच्या गालावर किंवा पंजावर रक्त दिसलं की तिला उचलायची आणि थेट सासूबाईंपुढे नेऊन ठेवायची. पांढऱ्या अंगावर एवढासा थेंबही उठून दिसतो. जाऊ चुलीपाशी बसून पाहायची आणि गप्प राहायची. गप्प राहणं म्हणजे कबुली, असा मी सोयीचा अर्थ लावून घेतला. असं पाच-सहा वेळा झाल्यावर सासूबाई वैतागल्या.

"रोजची कटकट कायले पायजे? त्या काळीले दूर सोडून द्या."

भासरे, म्हणजे जावेचेच मालक, सडक अर्जुनीकडे पाहुण्यांकडे बैलगाडीनं निघाले होते. काळीला पोत्यात घातलं. पोत्याचं तोंड जावेनंच बांधलं, आत हवा जावी म्हणून जरा सैल. मोठ्या सडकेवर ट्रकवाल्यांचा ढाबा होता, तिथं उष्टंखरकटं मिळेल, असं भासरे म्हणाले. गाडी वळणाआड गेली तेव्हा, खरं सांगते, मला जिंकल्यासारखं वाटलं.

आठच दिवसांत पांढरीचा गाल सुजला. शेवटच्या भांडणातली ती जखम. मी तिच्यात हळद दाबून भरली होती, वर छान खपली धरली होती, म्हणून मी निश्चिंत होते. आता ती दूधही पिईना, हात लावला की गुरगुरायची. काय करावं ते सुचेना. त्याच दिवशी बैलाची जुवानं सुजलेली खांद पाहायला ढोरांचा म्हातारा वैद आला होता. मी पांढरीला फडक्यात गुंडाळून त्याच्यापुढे नेलं.

"आता मांजरायचाही वैद झालो का बा मी?" म्हातारा हसला, पण बसला. कडुनिंबाच्या कोमट पाण्यानं त्यानं गाल शेकला, खपली सोडवली, तशी आतून पू आला.

"मांजराचा दात सुईवानी खोल जाते. वरचं भोक मिटते, घाण आतच राहते. तू हयद भरून वरून दार लावून देल्ली."

मग त्यानं तिचे पंजे उलटसुलट करून पाहिले, कान पाहिले, शेपूट उचलून पाहिली.

"भांडखोर आहे तुयी मांजर."

"नाही बाबा, हिलेच मारे ते दुसरी," मी तडकून म्हणाले.

"मार खाणारं पाठ दाखवून पयते, पोरी. त्याचं मांगचं फाटते, शेपटीपाशी. हिचं सारं तोंडावर न् पंज्यावर. हे सामोर जाऊन भिडे. कोठी आहे ते दुसरी? तिच्या शेपटीपाशी पाहून घे एकडाव."

दुसरी कुठं होती दाखवायला! जाऊ पडवीत तांदूळ पाखडत होती. सगळं तिच्या कानावर गेलं होतं, पण सूप काही थांबलं नाही. मला मात्र एकेक आठवायला लागलं. काळीला मांडीवर पालथी धरून जाऊ शेपटीपाशी तेल लावायची. पिसवा झाल्या असतील, असं मी तेव्हा धरून चालले होते. काळ्या अंगावर रक्त दिसत नाही, आणि मी कधी वाकून पाहिलंही नव्हतं.

रात्रभर डोळ्याला डोळा लागला नाही. सकाळी सगळ्यांसमोर सासूबाईंना सांगून टाकलं, की खोड माझ्या मांजरीची होती.

"आता सांगून का होते व?" त्या एवढंच म्हणाल्या.

मी नवऱ्याच्या मागे लागले. तो एका ओळखीच्या ट्रकवाल्याबरोबर त्या ढाब्यावर जाऊन आला. ढाबेवाला म्हणाला होता, "काली बिल्ली? दो दिन दिखी थी, फिर नहीं दिखी।" हा निरोप मीच जावेला सांगितला. ती कोनाड्यातली भांडी पुसत होती, ऐकून पुसतच राहिली. मला राहवेना.

"बाई, तुमाले मालूम होतं. मंग तवा काऊन नाही बोलल्या?"

"बोलली असती, तं तू आयकली असती का?"

हो म्हणायला मी तोंड उघडलंही होतं.

"नसती आयकली," मी म्हणाले.

तेव्हा कुठे ती रडली. मी तिथंच उभी होते, पण तिच्या पाठीवर हात ठेवायचा मला धीर झाला नाही.