जीभ दे जरा

"जीभ दे जरा, बाय."

अकरा वाजले की आमच्या प्रयोगशाळेच्या दारावर बोटाने टकटक व्हायची. दारात कॅन्टीनची काकी उभी. हातात स्टीलची वाटी, वाटीवर पदराचं टोक. आत खाण्याचं काही आणायचं नाही असा आमचा नियम, म्हणून मी हातमोजे काढून व्हरांड्यात यायची आणि आमटीचा घोट घ्यायची. तेवढा वेळ ती माझ्या तोंडाकडे टक लावून बघत राहायची. परीक्षा माझी नव्हती, आमटीची होती, तरी मला उगाच धडधडायचं.

बोईसरला रंग तयार करणाऱ्या एका कारखान्यात मी काम करते. सांडपाण्यात क्षार किती राहिले ते मोजायचं, हे माझं काम. काकी वाणगावची. शंभरेक माणसांचं दुपारचं जेवण तिच्या हातचं. झाडूवाल्यापासून साहेबापर्यंत सगळ्यांना ती एकेरीत हाक मारायची. नवा मॅनेजर आला, तर पहिल्याच दिवशी त्याला विचारलं, "तू जेवला काय?" तो बिचारा जेवला नव्हता, पण घाबरून हो म्हणाला. मग तिने त्याला हात धरून बसवलं आणि वाढलं. अशी माणसं तुम्हीही पाहिली असतील. त्यांच्यापुढे हुद्दा चालत नाही.

जीभ मागायची वेळ तिच्यावर का आली, तेही सांगते. तिच्या पायांना सूज यायला लागली होती, रक्तदाब वाढलेला. "पालघरचा डॉक्टर बोलला, मीठ सोड नायतर चूल सोड. चूल कशी सोडू? मीठ सोडलं." सोडलं म्हणजे पार सोडलं. दोनेक महिन्यांत तिची जीभ इतकी हळवी झाली की साधी माठाची भाजीसुद्धा तिला मिठाशिवाय खारट लागे. स्वतःपुरतं ते उत्तमच होतं, पण लोकांसाठी घातलेल्या मिठाचा तिला अंदाज येईना. चाळीस वर्षांचा हात एकदम परका झाला. मग तिने माझी जीभ निवडली. का, तर म्हणे, "तू दिवसभर मीठच मोजते ना? तुझं चुकायचं नाय."

स्वतः मात्र ती काय चवीने जेवायची. तांदळाची भाकरी, पातीचा लसूण आणि चिंच घातलेले ओले बोंबील, वर लिंबाची फोड. कधी भाजलेल्या तिळाची चटणी, कधी नुसती कैरी आणि मिरची ठेचून. मीठ कशातच नाही. बोटं चाटत म्हणायची, "मीठ होतं तवा मला बोंबलाची चव कळलीच नव्हती. मिठाचीच कळायची." मी हसायची आणि माझ्या डब्यातलं लोणचं भाकरीला लावायची.

वाटी आली की मी घोट घ्यायची आणि बहुतेक वेळा सांगायची, "जरासं कमी आहे." ती मान हलवून परत जायची आणि मीठ वाढवायची. सहा-सात महिने हे असंच चाललं.

प्रयोगशाळेबाहेरच्या ऑफिसात माझ्या टेबलाच्या खणात खाऱ्या शेंगदाण्यांची पिशवी असायची, घरी पापडाशिवाय घास उतरत नसे, हे मी कुठे लक्षात घेतलं होतं? कारखान्यात वार्षिक तपासणी झाली आणि माझ्या हातात चिठ्ठी आली. रक्तदाब वाढलेला. मी ती घडी घालून शेंगदाण्यांच्याच खणात टाकली आणि वर फायली ठेवल्या.

त्याच सुमारास कॅन्टीनमध्ये कुरबुर सुरू झाली. "काकी, दाल में नमक की बोरी गिर गई क्या?" बिहारकडचा एक ऑपरेटर रोज विचारायचा. माणसं जेवण झाल्यावर पाण्याच्या टाकीपाशी रांग लावायची. प्रकरण कॅन्टीन कमिटीपर्यंत गेलं. काकीला घरी बसवून बाहेरचा ठेकेदार आणावा, असं ठरत आलं. कमिटीत प्रयोगशाळेतर्फे मीच होते.

काकीला बोलावलं. ती दाराशीच उभी राहिली. मॅनेजरने विचारलं, "काकी, चाखून बघत नाही का?"

"बघते की."

"मग इतकं खारट कसं?"

तिने माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही. "हात चुकतो हल्ली," एवढंच बोलली.

आणि मी गप्प बसले. समोरच्या कागदावर पेनाने चौकोन काढत बसले. मला तेव्हाच कळलं होतं की चूक तिच्या हाताची नाही. माझ्या एका शब्दाने तिचं काम वाचलं असतं. तो शब्द मी काढला नाही, याची लाज मला आजही वाटते.

दुसऱ्या दिवशी अकराला मी दाराकडे बघायचं टाळत होते. टकटक झालीच. तीच वाटी, तोच पदर. "जीभ दे जरा, बाय."

मला रडू आलं. मी खणातली चिठ्ठी आणून तिच्यापुढे धरली. "काकी, माझी जीभच बिघडली आहे. काल मी बोलायला हवं होतं. तुम्ही तरी माझं नाव का नाही घेतलं?"

तिने चिठ्ठी उलटसुलट करून पाहिली, तिला चिकटलेलं शेंगदाण्यांचं मीठ झटकलं. "जीभ मी मागून आणलेली. मागून आणलेल्या वस्तूला नावं ठेवत नाय, बाय." मग पदराने माझं तोंड पुसलं आणि म्हणाली, "आता ती दुरुस्त करून वापरू. शेंगदाणे दे इकडे."

मी तडक मॅनेजरकडे गेले आणि सगळं सांगितलं. तो आधी हसला, मग गंभीर झाला, मग म्हणाला, एक महिना देतो. काकीला महिना पुरला. रोजच्या मिठातून दर आठवड्याला थोडं थोडं कमी केलं, कुणाला पत्ता लागला नाही. मीठ शेवटी घालायची, म्हणजे थोडकंही जिभेला लागतं. आमटीत चिंच आणि लसूण वाढला, ताटात लिंबू आलं. टेबलावरच्या मिठाच्या डब्यांची भोकं तिने कणकेने बुजवली, दोन-दोनच ठेवली. वरून मीठ घ्यायची सवय असलेले डबी हलवून हलवून दमायचे आणि शेवटी लिंबू पिळायचे.

माझ्यासाठी रोज दोन वाट्या यायच्या. "कुठल्यात जास्त?" सुरुवातीला मला दोन्ही सारख्याच अळणी. मी वैतागायची, ती वैतागायची नाही. पाचव्या आठवड्यात मी डावीकडची वाटी बरोबर सांगितली, तेव्हा तिने अख्ख्या कॅन्टीनला ऐकू जाईल असं सांगितलं, "आमची बाय पास झाली."

पुढे तीन वर्षं तिने रांधलं. मग मूत्रपिंडं थकली आणि ती घरी बसली. एका रविवारी मी वाणगावला गेले. जाताना मुगाची आमटी नेली. मिठाचा कणही घातला नव्हता. पातीचा लसूण, चिंच, कोथिंबीर, बस. काकी खाटेवर होती, हात काडीसारखे झाले होते. मी वाटी पुढे केली. "जीभ द्या जरा, काकी."

तिने घोट तोंडात धरला, डोळे मिटले. "मीठ बरोबर पडलंय," ती म्हणाली.

मग तिने एक डोळा उघडला. "घातलंच नाय ना?"

आम्ही दोघी हसलो. हसताना तिला धाप लागली, मी पाठ चोळली. तिने वाटी चाटूनपुसून संपवली आणि तिची ती जुनी स्टीलची वाटी माझ्या पिशवीत घातली. त्यानंतर महिन्याभरात ती गेली.

वाटीच्या काठावर ठिपक्याठिपक्यांनी तिचं नाव कोरलेलं आहे. त्या नावाने आम्ही तिला कधी हाक मारली नाही. आता अकराला दार वाजत नाही. मीच हातमोजे काढते, ती वाटी घेते आणि कॅन्टीनमध्ये जाते. नवा आचारी पळीभर आमटी ओतून विचारतो, "मॅडम, नमक ठीक है?"

मी घोट तोंडात धरते, डोळे मिटते आणि घाई न करता खरं काय ते सांगते.