माणगावात क्लाउड विकताना

माणगावच्या एसटी स्टँडमागे धम्मदीप तांबेचं कॉम्प्युटरचं दुकान. लोक यायचे, लॅपटॉप उचलून वजन बघायचे, धम्मदीपचं डोकं खाऊन सगळी माहिती घ्यायचे आणि त्याच्याच पायरीवर उभं राहून तोच लॅपटॉप ऑनलाइन मागवायचे. वर आठवड्याने खोका घेऊन हजर, "दादा, एवढा चालू करून द्या."

अशात कंपनीने सगळ्या डीलरांना नवी मुंबईच्या हॉटेलात बोलावलं. टायवाल्या साहेबाने पडद्यावर ढग दाखवले. खोके विकणं सोडा, क्लाउड विका, म्हणजे गिऱ्हाइकाची माहिती नेटवर ठेवून कुठूनही बघायची सोय द्या आणि महिन्याच्या महिन्याला कमवा. धम्मदीपला पटलं. जेवणही बरं होतं.

परत आल्यावर तो तालुकाभर क्लाउड सांगत सुटला. भातगिरणीच्या मालकाने सगळं ऐकलं, चहा पाजला आणि फुकटात प्रिंटर दुरुस्त करून घेतला. बाकीच्यांनी चहाही नाही पाजला.

"तुम्ही बोलायला लागलात की मलाच झोप येते," बायको जयमाला म्हणाली, "आणि मी घरची."

मे महिन्यात हरिहरेश्वरच्या लॉजवाल्या विनिताताईंनी कॉम्प्युटर बंद पडला म्हणून बोलावलं. समुद्र बघायला जयमालाही निघाली. पोचले तर अंगणात दोन कुटुंबं बॅगांसकट भांडत होती. खोली एक, बुकिंगं दोन. एक विनिताताईंनी घेतलेलं, दुसरं त्यांच्या नवऱ्याने, अनंताने, श्रीवर्धनला मासळी घेता घेता फोनवर.

धम्मदीपने क्लाउडसाठी तोंड उघडलं. जयमालाने त्याला कोपर मारलं आणि स्वतःच विचारलं,

"ताई, खोल्या देतं कोण कोण?"

"मी, हे आणि पुण्याचा भाचा. तिघंही शहाणे."

मग धम्मदीपने कॉम्प्युटर चालू केला आणि तिघांच्या मोबाइलवर एकच बुकिंग दिसेल अशी सोय केली. रेंज दगा देते म्हणून नेटची दुसरी लाइनही टाकली. क्लाउड हा शब्द दिवसभर निघाला नाही. विनिताताईंनी एकच विचारलं, "अडलं तर फोन उचलशील ना?"

"मी उचलीन," जयमाला म्हणाली.

अनंता मात्र बुकिंग डोक्यातच ठेवायचा. जयमाला रोज सकाळी त्याला फोन करायची, "भावजी, काल कुठल्या कुठल्या खोल्या दिल्यात?" पंधरवड्यात तो या फोनच्या धास्तीने सगळं मोबाइलवर टाकायला लागला.

विनिताताईंच्या तोंडून गोष्ट पसरली. दिवेआगरपासून मुरूडपर्यंतचे लॉजवाले आले, मागाहून भातगिरणीवालाही आला. महाडच्या एका डीलरने हेच स्वस्तात द्यायला घेतलं, तेव्हा दोन लॉज तिकडे गेले. त्यातला एक गणपतीच्या सुट्टीनंतर परतला. "तिकडं फोन कुणी उचलत न्हाय," एवढंच म्हणाला. जयमालाने त्याला आधी चार शब्द ऐकवले, मग परत जोडून घेतलं.

दुकानाची पाटी बदलायची ठरली तेव्हा धम्मदीपने 'तांबे क्लाउड सोल्युशन्स' सुचवलं. जयमालाने रंगाऱ्याला बजावलं, "पहिला माझा नंबर लिही, लांबून दिसेल असा. जागा उरली तर यांचं काय ते घाल."