तवसाळची चढण आणि एक जुनी वाटी

रत्नागिरीला जायचं ठरलं तेव्हा मला कुठेही जायचं नव्हतं, हे आधीच सांगून टाकतो. या ब्लॉगवर येणारे बहुतेक जण कधी एकदा घराबाहेर पडतो म्हणून तळमळत असतात. माझं उलटं आहे. मी केळशीचा, चौदा फुटी ट्रक चालवतो, आंबा, चिरा, मासळी, जे मिळेल ते वाहतो, आणि सुट्टी मिळाली की मला फक्त आडवं व्हायचं असतं.

पण सुऱ्याचं इंजिन अडकलं होतं. सुऱ्या माझा धाकटा भाऊ, स्वतःच्या होडीचा तांडेल, म्हणजे होडीवरचा मुख्य. होडीचं इंजिन भाट्याजवळच्या एका वर्कशॉपात पावसाळाभर उघडून पडलेलं. नारळी पौर्णिमा अगदी तोंडावर आली तेव्हा एकदाचा निरोप आला की तयार आहे, घेऊन जा. आता आमच्या वाडीची रीत सांगतो, म्हणजे घाई कशाची ते कळेल. खलाशी पावसाळ्यात एखाद्या होडीला शब्द देतो तो पुनवेच्या नारळापर्यंत. वाडीचा नारळ पाण्यात पडेपर्यंत होडी तयार दिसली पाहिजे, निदान तिचं इंजिन तरी पुळणीवर, किनाऱ्याच्या वाळूत, आलेलं दिसलं पाहिजे. नाही दिसलं, तर खलाशी मोकळा. तो दुसऱ्या होडीवर गेला तर त्याला कोणी बोल लावत नाही. आणि हंगामाच्या तोंडावर नवा खलाशी शोधून दाखवा, मी तुमची हजामत फुकट करीन.

सुऱ्याचे मागचे दोन हंगाम धड गेले नव्हते. होडीवर तो धरून पाच माणसं लागतात, आणि बाकीची चारही माणसं त्याने हातापाया पडून धरून ठेवली होती. म्हणून मी सुऱ्याला घेऊन निघालो. हिने तांदळाच्या भाकऱ्या आणि सुकटीची चटणी बांधून दिली, आणि नेहमीसारखं सांगितलं की भावावर ओरडू नका.

रस्त्याची चौकशी करणाऱ्यांसाठी: हायवेने जाता येतं, पण आम्ही किनाऱ्याने गेलो. दाभोळला फेरीबोट, पलीकडे धोपावे, मग गुहागर, तवसाळ, तिथे दुसरी फेरीबोट, पलीकडे जयगड, आणि गणपतीपुळे, आरे-वारे करत रत्नागिरी. अंतर कमी, घाट कमी, पण रस्ता अरुंद आणि श्रावणात दोन्ही बाजूंनी झाडी आत आलेली. एसटी समोर आली की कोणीतरी एकाने मागे जायचं, आणि मागे जाणारी एसटी नसते. फेरीचं तिकीट गाडीच्या आकारावर असतं, सुटे पैसे जवळ ठेवा. पावसात वारा वाढला तर बोट थांबवतात, तेव्हा निघण्याआधी फोन करा.

मला बोट लागते. कोळ्याच्या घरात जन्मून बोट लागते, म्हणून तर मी ट्रक धरला. खाडी ओलांडायची फेरीबोट असली तरी मी स्टिअरिंगला धरून डोळे मिटून बसतो. सुऱ्या खाली उतरून लोकांना हे दाखवत होता, म्हणजे जाताना मूड बरा होता.

आरे-वारेचा उतार लोक फोटोत बघतात तसाच आहे. मी तो ब्रेकवर पाय ठेवून बघितला. रत्नागिरीत पोचलो तर इंजिन तयार म्हणजे जवळजवळ तयार होतं. हे जवळजवळ दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत चाललं. मधल्या वेळात आम्ही भाट्याच्या पुलाखाली बसून मिसळ खाल्ली, तीही गार. सुऱ्या दर थोड्या वेळाने उठून वर्कशॉपात डोकावून येत होता. शेवटी दुपारी इंजिन ट्रकमध्ये चढलं, दोरखंडाने बांधलं, आणि आम्ही निघालो. दुसऱ्या दिवशी पौर्णिमा.

गणपतीपुळ्याच्या पुढे मला आवाज जाणवला. गिअर टाकला की खालून टक्. मग चढावर टक् टक्. सुऱ्या म्हणाला इंजिन हलतंय. मी म्हटलं असेल. खरं सांगायचं तर आवाज कशाचा ते मला कळलं होतं, पण थकलेल्या माणसाला जे ऐकायचं नसतं ते ऐकू येत नाही. जयगडहून फेरी घेतली, तवसाळला उतरलो, आणि जेट्टीवरून वर जी चढण आहे तिच्या मध्यावर सगळा ट्रक खालून थरथरायला लागला. गाडी बाजूला घेतली, चाकांमागे चिरे लावले आणि खाली सरपटत गेलो.

गिअरबॉक्समधून मागच्या चाकांना जोर नेतो तो लांब शाफ्ट. त्याच्या दोन्ही टोकांना एकेक क्रॉस असतो, अधिक चिन्हासारखा, आणि त्याच्या चारही टोकांवर वाट्या. वाटीत सुईएवढे बारीक रोलर आणि ग्रीस. मागच्या क्रॉसची एक वाटी अर्धी बाहेर आलेली, तिला धरून ठेवणारं लॉक गायब, आणि सगळीकडे लाल गंजाची पूड. आणखी थोडं चाललो असतो तर शाफ्ट रस्त्यावर आपटला असता. कारणही माहीत होतं. मासळी भरायला आम्ही ट्रक पार ओल्या पुळणीत उलटा नेतो, लाट चाकाखालून जाते. खारं पाणी कुठे कुठे शिरतं ते उन्हाळाभर कोण बघतो? केळशीच्या प्रत्येक ट्रकचं हेच आहे.

मिस्त्र्यांना फोन लावले. एक बहिणीकडे गेलेला, दुसरा सासुरवाडीला, तिसऱ्याने उचलला आणि आठवण करून दिली की उद्या राखी आहे. नवा क्रॉस मात्र माझ्या पेटीत होता. तेव्हा ज्यांना असं काही स्वतः करायची वेळ येईल त्यांच्यासाठी दोन गोष्टी. पहिली, चाकांना आडवे दगड लावल्याशिवाय शाफ्टला हात लावू नका. शाफ्ट उतरला की गाडी गिअरमध्ये असून नसल्यासारखी, आणि काही ट्रकांचा हँडब्रेकही त्या शाफ्टवरच असतो. दुसरी, खोलायच्या आधी दोन्ही बाजूंवर कानशीने खूण करा, म्हणजे जसा होता तसाच परत बसेल. नाहीतर नवा क्रॉस घालूनही गाडी घरापर्यंत थरथरत जाते.

बोल्ट सुटायला वेळ लागला. सुऱ्या ताकदीचा आहे, मी नाही. दोघांनी मिळून शाफ्ट खाली घेतला, ताडपत्रीवर ठेवला, पकडीने लॉक काढले, गोटी पान्याची गोटी, म्हणजे सॉकेट, मागे धरून हातोडीने एकेक वाटी बाहेर काढली. पाऊस मध्येच येऊन जात होता. एक बाई गाय घेऊन वर चालली होती, ती थांबली, आमच्याकडे नीट बघितलं, आणि चहा हवा का विचारलं. आम्ही हो म्हणायच्या आत ती निघूनही गेली. चहा मात्र आला, गूळ घातलेला, बिनदुधाचा. तवसाळला कधी गेलात तर लोक असे आहेत.

मी खालचा भाग डिझेलने धुवायला ट्रकखाली गेलो आणि वाट्यांत ग्रीस भरून त्या बसवायचं काम सुऱ्याला दिलं. चूक इथे झाली. होडीच्या शाफ्टला ग्रीस भरतात ते बाहेर यायला लागेपर्यंत, जितकं जास्त तितकं पाणी लांब. सुऱ्याने जन्मभर तेच केलंय. त्याने वाट्या काठोकाठ भरल्या. तीन कशाबशा बसल्या. चौथी केसभर बाहेर राहिली, कारण आतल्या ग्रीसला जायला जागाच नाही. मी खालून ओरडलो की काढ, पुस, परत लाव. तोवर त्याने हातोडी घातली होती. वाटीला उभी चीर गेली.

मी काय बोललो ते इथे लिहीत नाही. हिने घरी वाचलं तर पंचाईत. सुऱ्या चिरलेली वाटी हातात घेऊन बसला आणि म्हणाला,

"दादा, उद्या नारळ चुकला ना, तर मी होडी विकून टाकतो. मुंबईला वॉचमनचं काम बघून ठेवलंय."

मला ठाऊक नव्हतं. त्याच्या बायकोला माहीत होतं का विचारलं, तर तिनेच बघून ठेवलंय म्हणाला. हा माणूस पाण्याशिवाय दोन दिवस राहत नाही, आणि कुठल्यातरी बिल्डिंगच्या गेटवर खुर्ची टाकून बसणार. मी अंगावर ओरडलो होतो त्याची मला लाज वाटली, पण तसं काही म्हणालो नाही. आमच्याकडे म्हणत नाहीत.

उजेड गेला होता. भाकऱ्या संपवल्या आणि केबिनमध्ये दोघं अवघडून झोपलो. पहाटे फटफटल्यावर मी काढून टाकलेल्या जुन्या वाट्या गोळा केल्या. दोन जळून लाल झालेल्या, एकीतले रोलर मोडलेले. चौथी मात्र ठीक होती, जरा झिजलेली, पण आतून गुळगुळीत. ती पुसली, बेताचं ग्रीस लावलं, रोलर नीट उभे केले आणि नव्या क्रॉसवर बसवली. लॉक खट्कन खाचेत गेलं. खुणेला खूण लावून शाफ्ट चढवला, बोल्ट आवळले. सुऱ्याने विचारलं, "जुनी वाटी चालेल?"

"घरापर्यंत नेईल," मी म्हटलं. "पळवायची नाही, एवढंच."

आणि खरंच नेलं तिने. गुहागर मागे पडलं, मी तिसऱ्या गिअरच्या वर गेलोच नाही, आणि वेळेत पोचू असं वाटायला लागलं. धोपाव्याला आलो तर बोट पलीकडे दाभोळला उभी. हलेना. का, तर बोटीवरच्या पोरांची पूजा चालली होती. पौर्णिमा काय फक्त आमचीच होती? लांबून फुलांच्या माळा दिसत होत्या. पूजा झाली, नारळ सोडला, प्रसाद वाटला, मग बोट आली. सुऱ्या तोवर जेट्टीच्या टोकाला पाठ करून उभा होता. मला त्या पोरांचा राग आला नाही. यायला हवा होता, पण अंगात त्राण नव्हतं.

केळशीला पुळणीवर उतरलो तेव्हा बँडवाले घरी निघाले होते आणि पाण्यात नारळ तरंगत होते. सुऱ्याच्या होडीच्या सावलीत तीन जण बसलेले. चौथा, नंदू, शेजारच्या होडीवर चढला होता. तो खाली मान घालून जाळं आवरत होता, आणि त्याचं काहीच चुकलं नव्हतं. उरलेल्या तिघांतला म्हातारा खलाशी म्हणाला की पाच मिनिटं आधी दिसला असतात तर नंदू थांबला असता. चौघांत जाळं ओढलं जात नाही हे तिथे सगळ्यांना माहीत होतं. सुऱ्याने इंजिनाच्या दोरखंडाला हातसुद्धा लावला नाही. सुऱ्याची बायको बाजूला उभी होती, ती त्याच्याकडे बघत नव्हती.

का कोण जाणे, मी ट्रकची किल्ली काढली आणि तिच्या हातात दिली.

"पाचवा मी," म्हटलं.

सुऱ्या म्हणाला, "तुला बोट लागते."

"लागू दे."

इंजिन बसायला दोन-तीन दिवस गेले, मग आम्ही निघालो. पहिल्या फेरीत मी ओकलो. दुसऱ्या फेरीतही ओकलो. त्यानंतरचं विचारू नका. हात सोलले आहेत, पाठ कामातून गेली आहे, आणि अंगाचा वास साबणाने जात नाही असं ही म्हणते. ट्रक आठवड्यातून दोनदा बाजारात मासळी नेतो, तोही मीच चालवतो, त्यामुळे आडवं व्हायचं राहिलंच. मुंबईचं कोणी नाव काढत नाही.

हा प्रवास तुम्ही करावा का? करा. क्रॉस एक नाही, दोन बरोबर ठेवा, पौर्णिमेला फेरीवर विसंबू नका, आणि आरे-वारेला ब्रेकवरून पाय काढून थोडं थांबा, मला जमलं नाही. ती जुनी वाटी अजून ट्रकमध्ये आहे. बदलायची बदलायची म्हणतो आणि राहून जातं. परवा जाळं ओढताना मी कठड्यावर वाकून पडलो होतो, तेव्हा म्हाताऱ्या खलाशाने सुऱ्याला हळूच विचारलं की तुझा भाऊ हंगामभर टिकेल का. सुऱ्याने जाळ्यावरचा हात सोडला नाही.

"जुनी वाटी आहे," तो म्हणाला. "पळवायची नाही, एवढंच."