अव्वाच्या काढ्यातला गुण

"उभ्या जन्मात मी गोळी खाल्ली न्हाई," हे वाक्य आमच्या अप्पांनी इतक्यांना ऐकवलंय की भालकीच्या बाजारात त्यांच्या ओळखीचा एकही माणूस त्यातून सुटला नसेल. तूर विकायला गेले तरी हेच, लग्नाच्या पंगतीत बसले तरी हेच. कुणाच्या आजारपणाला भेटायला गेले तर पेशंटच्या उशाशी बसून पुन्हा हेच. मला भारी राग यायचा. समोरचा माणूस सलाईन लावून पडलाय आणि हे स्वतःच्या तब्येतीचे पोवाडे गातायत! पण बोलणार कोण? आमच्या घरात वडिलांना अप्पा आणि आईला अव्वा म्हणतात, आणि अप्पांपुढे आवाज चढवायची सोय कुणालाच नव्हती. अव्वाला तर नव्हतीच.

वाक्याचा पुढचा भागही ठरलेला असायचा. "आमच्या हिच्या हाताला गुण हाय. काढा दिला की ताप पळालाच म्हना."

काढा होता गुळवेलीचा. विहिरीजवळच्या कडुनिंबावर वेल चढलेली होती. आमच्यात कानडीतून तिला अमृतबळ्ळी म्हणायचे. अव्वा तिचे बोटभर तुकडे ठेचायची, त्यात निंबाची साल, सुंठ, मिरी घालायची आणि पाणी आटेपर्यंत उकळायची. वास आला की आम्ही पोरं गोठ्यात पळायचो. कुणी चुकून गूळ मागितला तर अप्पा खेकसायचे, "गूळ घातला की गुण गेला!" कडू आहे म्हणजे लागू पडणार, यावर त्यांचा देवाइतका विश्वास. त्या कडूपणाच्या आड काहीही लपू शकतं, हे त्यांच्या कधी ध्यानात आलं नाही.

चिकनगुनियाची साथ आली तेव्हा मी लग्न होऊन कमलनगरला गेले होते, त्यामुळे पुढचं मला फार नंतर कळलं. गावात जो तो भिंत धरून चालत होता. सरकारी बाई घरोघर तापाच्या गोळ्या वाटून गेली. अप्पांनी त्या घेतल्या आणि कोनाड्यात टाकल्या. मग तेच पडले. अंग तव्यासारखं तापलेलं, भलतंसलतं बरळायला लागले. काढ्यावर काढा झाला, ताप काही हटेना. शेवटी एका दुपारी अव्वाने कोनाड्यातली गोळी काढली, खलबत्त्यात कुटली आणि काढ्यात ढवळली. दिवेलागणीपर्यंत अप्पांना दरदरून घाम फुटला. उठून बसले आणि भाकरी मागितली.

दुसऱ्या दिवसापासून लोक पेले घेऊन दारात. अप्पाच सांगून आले होते ना! अव्वाने सगळ्यांना दिलं, पण नुसता काढा. "दुसऱ्याच्या लेकराला कशी देऊ गोळी?" असं ती मला पुढे कधीतरी म्हणाली. त्यातले पुष्कळ बरे झाले. ताप आपल्या चालीनेच उतरला की गुळवेलीने उतरवला, मला आजही सांगता येणार नाही. अव्वालाही आलं नाही.

ताप गेला तरी अप्पांचे गुडघे धरलेलेच राहिले. सकाळी उठवेना, औताला हात लावता येईना. आणि तोंडी एकच, काढा दे. मग अव्वा बाजारच्या दिवशी भालकीच्या मेडिकलमधून दुखण्याच्या गोळ्या आणायला लागली. "कुणाला?" असं मेडिकलवाल्याने विचारलं की, "मलाच." तेलाची बाटली, बांगड्या आणि खाली गोळ्यांची पाकिटं, अशी तिची पिशवी. रोज सकाळी खलबत्ता वाजायचा, रोज अप्पा काढा पिऊन ताठ शेताकडे निघायचे. असं कैक वर्षं चाललं. तिला वाटायचं आपण नवऱ्याला चालता ठेवतोय. ते खोटंही नव्हतं.

मग अप्पांचे पाय सुजले. तोंड सुजलं. जेवणाची वासना गेली. मी गेले, भांडले, आणि त्यांना हुमनाबादवरून गुलबर्ग्याला घेऊन गेले. अव्वाही सोबत आली. तिथल्या डॉक्टरांनी रिपोर्ट बघितले, किडनी थकल्या आहेत म्हणाले, आणि कानडीत विचारलं, अंगदुखीच्या गोळ्या फार खाता का?

अप्पा हसले. एवढं आजारी माणूस, पण काय खुलून हसले! मग मान वर करून त्यांनी ते वाक्य कानडीतून म्हटलं. नंतर अव्वाकडे बोट दाखवून काढ्याचंही सांगितलं.

मी अव्वाकडे बघितलं. ती पिशवीचा बंद बोटाला गुंडाळत होती. बोट पांढरं पडलं तरी गुंडाळतच होती.

अप्पांना पुन्हा तपासणीसाठी रक्त द्यायला आत नेलं तेव्हा व्हरांड्यात तिने मला धरलं. "गोळ्या खाल्ल्यात त्येनी. रोज. मीच कुटून घालायले काढ्यात."

"अव्वा!"

"वरडू नको. डॉक्टरला जाऊन सांग. पर त्येना सांगू नको. माझ्या हातचं पानी प्यायचे न्हाईत पुन्यांदा."

मी डॉक्टरांना जाऊन सांगितलं. दुखण्याच्या गोळ्या आजपासून बंद, पालामुळीचा काढाही बंद, असं ते म्हणाले. वेळेवर आलात, सांभाळलं तर निभेल. आणि त्यांना खरं काय ते सांगून टाका. बाहेर येऊन मी हे अव्वाच्या कानावर घातलं तर ती म्हणाली, "मी सांगते. माझी मी सांगते."

डॉक्टरांनी प्रेशरच्या आणि आणखी कसल्या गोळ्या दिल्या. मी मनात म्हटलं, आता घरी महाभारत. कसलं काय! डॉक्टरने भीती घातल्यावर अप्पा लेकरासारखे तोंड उघडून बसले. अव्वाने पाण्याचा पेला पुढे केला, त्यांनी गोळी गिळली आणि आंघोळीला गेले. अव्वा कितीतरी वेळ त्या रिकाम्या पेल्याकडे बघत होती. "येवढं सोपं व्हतं व्हय?" असं मला म्हणाली.

पण काढ्याचा हट्ट सुटला नाही. मग मी डॉक्टरांना विचारून घेतलं आणि अव्वा मेथीदाणे उकळून कडवट पाणी द्यायला लागली. तळाला मऊ झालेले दाणे असायचे, ते चावून खा म्हणायची. गुडघ्यांना निर्गुडीचा पाला तव्यावर गरम करून बांधायची. पाल्याने जरा बरं वाटायचं, पण गोळीची सर कुठली येणार? अप्पा कण्हायला लागले. आणि एके दिवशी ओट्यावर चार माणसं बसलेली असताना बोलून गेले, "हिच्या हातचा गुण गेला आता. म्हातारी झाली. नुसतं पानी द्यायलीय."

अव्वा आत चुलीपुढे होती. तिने ऐकलं. मीही ऐकलं. मी तोंड उघडलं तर तिने डोळ्यांनी दाबलं. बाहेर गावासमोर ज्या हाताची एवढी वर्षं कीर्ती गायली गेली, त्याच हाताने ती भाकरी थापत राहिली. आता सांगते, उद्या सांगते, जत्रा होऊ दे मग सांगते, असं करत ते सांगणं राहूनच गेलं. ज्वारी निवडता निवडता बसल्या जागीच ती गेली. तापाचं, दुखण्याचं काहीच निमित्त झालं नाही. शेतातच तिला माती दिली.

गेल्या आठवड्यात मी माहेरी गेले होते. अप्पांची तब्येत बेताची, पण टिकून आहे. मी पाला गरम करून त्यांच्या गुडघ्याला बांधत होते. ते एकदम म्हणाले, "बाई, तिच्या हातचा गुण गेला म्हनलो मी. लोकात म्हनलो. म्हनायला नको व्हतं."

मला राहवलं नाही. किती दिवस मी ते पोटात ठेवायचं, आणि कुणासाठी? मी सगळं सांगितलं. कोनाड्यातली गोळी, मेडिकल, खलबत्ता, गुलबर्ग्याचा व्हरांडा. वाटलं, आता हे पालाबिला फेकून देतील.

अप्पांनी पाला तसाच राहू दिला. मग म्हणाले, "मला सांगून दिली असती तर खाल्ली असती का मी? न्हाई खाल्ली असती." आणि थोड्या वेळाने, "येवढी भ्यायली व्हती व्हय मला?"

भ्यायली होती, हे त्यांना कळलंच होतं.

"मग शेवटी शेवटी देत व्हती, त्यात काय व्हतं?"

"काहीच नाही, अप्पा. मेथीचं पाणी. तिच्या हातचं, नुसतं."

अप्पांनी माझा हात गुडघ्यावरून बाजूला केला आणि तोंड भिंतीकडे फिरवलं. "ते मी प्यालोच न्हाई गं," ते म्हणाले. "रागानं रोज मोरीत वतून देत व्हतो. तिला दिसू नये म्हनून वरून पानी सोडायचो."

मी मोरीकडे बघितलं. पाणी कितीही सोडलं तरी मेथीचे दाणे जाळीत अडकतात. आणि आमच्या घरची मोरी रोज सकाळी अव्वाच घासायची.