मिठातला जंत

काउंटरवर बाटली ठेवून मावशी म्हणाल्या, “जंत हाय. माज्या सुनंच्या पोटातला. कुजू नये म्हणून मीठ घातलंय.”

मी बोईसरच्या एका पॅथॉलॉजी लॅबमध्ये टेक्निशियन आहे. नमुने हरतऱ्हेचे येतात, पण खारवलेला जंत हा पहिलाच. मावशी किनाऱ्यावरच्या घिवली गावच्या. सारा जन्म मासळी खारवण्यात गेला, त्यांना दुसरं काय सुचणार?

तो धुऊन मी लेन्सखाली धरला. दोन्ही अंगांना बारीक पायांच्या रांगा. पोटातल्या जंताला सगळं आयतं मिळतं, त्याला पाय कशाला हवेत? हा खाडीच्या चिखलात बीळ करून राहणारा.

“मावशी, कुठे सापडला?”

“मोरीत. सून तितं बसून नुकतीच उठली व्हती.”

“त्याआधी मोरीत काय धुतलंत?”

“शिवल्या. खाडीतल्या.”

म्हणजे पाहुणा शिवल्यांच्या शिंपल्यांबरोबर चिखलातून आला होता. आमचे डॉक्टर सर आतूनच म्हणाले, “रिजेक्ट कर.” म्हणजे नमुना तपासायचा नाही, परत द्यायचा.

मी बाटली परत देणार, तेवढ्यात बाकावरच्या सुनेकडे लक्ष गेलं. पाचवा महिना. ओठ आणि नखं पांढरी फटक.

“लोहाच्या गोळ्या घेतेस ना?”

“घेते. पन रक्त वाढतच नाय.”

“घरची भाजीची वाडी आहे ना? तिथे काम करताना पायात चप्पल असते?”

“वाडीत कोन चप्पल घालतं?” ती हसली.

हुकवर्म नावाचा एक जंत असतो. त्याची पिल्लं ओलसर, रेताड मातीत वाढतात आणि अनवाणी पायातून शरीरात शिरतात. मग तो आतड्याला चिकटून रक्त पितो. सहसा बाहेर दिसत नाही. शौचाच्या तपासणीत त्याची अंडी तेवढी सापडतात.

“सर, हिची स्टूल टेस्ट करू या?”

“प्रिस्क्रिप्शन कुठाय?”

“तुम्ही लिहा ना.”

सरांनी कपाळाला आठ्या घातल्या, पण लिहिलं.

स्लाइड जिकडे सरकवावी तिकडे अंडी. रिपोर्ट तिच्या डॉक्टरीणबाईंकडे गेला, औषध सुरू झालं आणि न हलणारं हिमोग्लोबिन हळूहळू चढलं. बाळंतपण सुखरूप झालं, मुलगी झाली.

मावशींचे सुनेवर उपकारच आहेत. ‘पोटुशी बाई थकायचीच’ म्हणून त्या घरी बसल्या असत्या तर सुनेचं आणि बाळाचं काय झालं असतं, हा विचारही नको वाटतो. त्या घाबरल्या, हे फार बरं झालं.

चुकीचा नमुना रिजेक्टच करावा, नियम बरोबर आहे. फक्त त्याच्याबरोबर आलेल्या माणसाला रिजेक्ट करू नये.