दाराशी बसलेली कुत्री

मुलगी दहा वर्षांची झाली आणि कुत्रा पाळू या म्हणून मागे लागली. घरी आम्ही दोघीच. मी उल्हासनगरला कॅम्प तीनमधल्या कारखान्यात जीन्स शिवायला जायचे, सोनिवलीला घरी परतेपर्यंत संध्याकाळ व्हायची. तरी मी नाही म्हटलं नाही. वरच्या मजल्यावरच्या काकू आठवडाभर गावी निघाल्या होत्या. त्यांची म्हातारी कुत्री मी ठेवून घेतली आणि मुलीला म्हटलं, "हिचं सगळं तू करायचं. मग तूच ठरव."

तिने पहाटे उठून कुत्रीला फिरवलं, पोळी दुधात कुस्करून भरवली, जिन्यात झालेली घाणही न कुरकुरता पुसली. आता ही होच म्हणणार, असं मी धरून चालले होते.

काकू कुत्रीला घेऊन गेल्या, तेव्हा ती म्हणाली, "आई, आपण नको आणू या."

"का गं? दमलीस?"

"नाही. मी शाळेतून यायचे तेव्हा ती दाराशीच बसलेली असायची. एकटीला कसं वाटतं, मला माहितीय ना."

चार वर्षं ती स्वतःच कुलूप उघडून घरात शिरत होती. एकटं वाटतं, हे तिने मला कधी सांगितलं नव्हतं. त्या दिवशी मी तिला नुसती जवळ घेऊन बसले. कुत्रा आम्ही आणला नाही. पुढच्या महिन्यापासून मी शिलाईचं काम घरी आणायला लागले.